ताईंनी फोन ठेवला

१

"माझा फोन चोरीला गेलाय!"

ताई हे अशा आवाजात म्हणाल्या की कॉरिडॉरच्या टोकाला किटलीतून चहा ओतून घेणाऱ्या खर्जदादाच्या हातावर अर्धा चहा सांडला.

ताईंचा आवाज साधासुधा नव्हता. लोक तो स्वयंपाक करताना ऐकत, गाडी चालवताना ऐकत, झोप येत नसली की अंधारात ऐकत. या स्टुडिओत पुस्तकं बोलकी करायचं काम चाले आणि ताई म्हणजे स्टुडिओचा गळा होता. सध्या त्या एका मोठ्या लेखिकेची नवी रहस्यकादंबरी वाचत होत्या. पुस्तक अजून दुकानात आलं नव्हतं. खुनी कोण हे जगात मोजक्याच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातली बरीचशी या छताखाली बसत होती.

ताईंची ओरड ऐकून काकू कंट्रोल रूममधून बाहेर आल्या. काकूंचं काम होतं कानाला हेडफोन लावून, पुढ्यात पुस्तक उघडून ऐकत बसणं. वाचणाऱ्याने एखादा काना खाल्ला, एखादी मात्रा जास्तीची लावली, की त्यांचा हात वर व्हायचा. त्यामुळे त्यांच्यामागे सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मात्र चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासल्यामुळे स्वतःचं वाक्य तोंडातून काढायचा त्यांना धीरच होत नसे.

"नीट आठवा ताई," स्टुडिओचे मालक म्हणाले. ते संस्थापकांचे जावई. सासरे जाऊन वर्षं लोटली तरी सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. "फोन शेवटचा कधी हातात होता?"

"मधल्या सुट्टीत. ट्रेमधून फोन घेऊन मी परत आतच जाऊन बसले होते. माझ्या बहिणीचा फोन आला. तिचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट, संपता संपेना. इकडे माझं डोकं पुढच्या प्रकरणात. शेवटी मी फोन ठेवला आणि वाचायला बसले."

"म्हणजे ट्रेमध्ये."

"मग आणखी कुठे? रोज तिथेच असतो ना!"

वाचनखोलीच्या दाराबाहेर एक पसरट ट्रे होता. बांगड्या, किल्ल्या, घड्याळ, फोन, जे जे वाजू शकतं ते ते सगळं आत जाण्यापूर्वी त्यात काढून ठेवायचं, असा इथला नियम. ठेवतानाही खट्ट होऊ नये म्हणून ट्रेला आतून जाड लोकर चिकटवलेली होती. आता त्यात ताईंच्या बांगड्या आणि किल्ल्यांचा जुडगा एवढंच उरलं होतं. घड्याळ त्यांनी बाहेर आल्याआल्या मनगटावर चढवलं होतं.

"पण ताई, तुमच्याकडे स्मार्टवॉच आहे की!" रिसेप्शनवरची मुलगी पुढे सरसावली. दिवसभर फोन उचलून 'हॅलो' म्हणायची म्हणून तिचं नाव हॅलोच पडलं होतं. "त्यावर 'फोन शोधा' दाबा. फोन मुका करून ठेवला असला तरी बोंबलतो."

ताईंनी दाबलं. घड्याळावर एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मग अक्षरं उमटली: फोन सापडत नाही.

जावईबापूंनी घड्याळ हातात घेतलं आणि पाण्याचा झरा शोधणाऱ्या माणसासारखे ते हात पुढे करून इमारतभर हिंडले. वाचनखोली, कंट्रोल रूम, रिसेप्शन, अडगळीची खोली, जिना, सगळं झालं. प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर. हॅलोने स्वतःच्या फोनवरून ताईंचा नंबर लावला. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं; आणि ताईंनी कामासाठी फोनचा आवाज आणि थरथर दोन्ही बंद केलेलं असल्याने कुठून चाहूलही लागेना. इंटरनेटवरून शोधायचा उपाय होता, पण त्याला पासवर्ड लागत होता आणि तो ताईंनी विसरायला नको म्हणून फोनमध्येच लिहून ठेवला होता.

"रिंग जातेय म्हणजे फोन चालू आहे," जावईबापू म्हणाले. "घड्याळाला सापडत नाही म्हणजे तो जवळपास नाही. या इमारतीत नाहीच. कुणीतरी तो बाहेर नेलाय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाहेर गेलेला माणूस एकच होता.

२

त्याला शांतता म्हणत. ध्वनिमुद्रण त्याच्या हातात होतं आणि प्रत्येक टेकच्या आधी तो दोन बोटं वर करून हा एकच शब्द म्हणायचा. चाळिशी उलटलेला, घरी एक मुलगी आणि म्हातारे वडील, आणि कामात इतका काटेकोर की माशी शिंकली तरी टेक थांबवायचा. ताईंचं वाचन संपल्यावर तो ट्रेमधून आपल्या वस्तू उचलून घाईघाईने निघून गेला होता.

"काल माझ्याशी भांडला तो," ताई म्हणाल्या. "एक वाक्य पाच वेळा वाचायला लावलं. मी म्हटलं, कान आहेत की भोकं?"

"आणि त्या दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनी त्याला बोलावणं धाडलंय, हे मला कळलंय," जावईबापू म्हणाले. "ताई, फोनमध्ये काय काय होतं?"

ताईंचा चेहरा उतरला. "मी शेवटचं प्रकरण घरी मोठ्याने वाचून बघते. ते सगळं त्यात रेकॉर्ड केलंय. खुनी, खुनाचं कारण, सगळं."

जावईबापू भिंतीला टेकले. शेवट बाहेर फुटला तर ते पुस्तक गेलं, पुढची पुस्तकं गेली, स्टुडिओची अब्रू गेली. त्यांनी शांतताला फोन लावला. रिंग वाजली, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

"बघा, उचलत नाहीये. चोराच्या मनात चांदणं! मी पोलिसांना कळवतो आणि बाकीच्या स्टुडिओंनाही. परत कुठे बटणाला हात लावायला मिळायचं नाही त्याला."

काकू पुढे झाल्या. हा धंदा टीचभर. इथे एकदा कुणी 'चोर' म्हटलं की नंतर निर्दोष ठरूनही काही उपयोग नसतो. लोकांना पहिलं वाक्य लक्षात राहतं, दुरुस्ती राहत नाही. हे काकूंइतकं कुणाला ठाऊक असणार?

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तो पुन्हा काढावा लागला. "थांबा जावईबापू. ताजा चहा टाकलाय, तो होईपर्यंत. मला तीन-चार प्रश्न विचारायचेत."

"चहा होईपर्यंत," जावईबापू म्हणाले आणि फोन हातातच धरून बसले.

३

काकूंनी आधी खर्जदादाला गाठलं. कादंबऱ्यांतले सगळे दरोडेखोर, पाताळयंत्री काका आणि भुतं त्याच्या वाट्याला येत. आवाज विहिरीतून यावा तसा, स्वभाव मात्र लहान मुलाचा.

"दादा, शांतता हल्ली कसा वागतो तुमच्याशी?"

"चढलाय तो, काकू! परवा मी त्याला एक फक्कड विनोद सांगितला. शेजारी बसून सांगितला. ढिम्म हसला नाही. मला इतका राग आला! मग मी त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चहा घेतला आणि हट्टाने तोच विनोद परत सांगितला, तर खो खो हसला. म्हणजे ऐकू येत होतं, मुद्दाम करत होता. मोठ्या स्टुडिओचं बोलावणं आलंय ना, आता आमचे विनोद कसे रुचतील?"

"विनोद कसला होता?"

"सांगू?"

"नको," काकू घाईने म्हणाल्या आणि हॅलोकडे वळल्या.

हॅलो रडवेली झाली होती. शांतता तिला धाकट्या बहिणीसारखं वागवायचा. "काकू, जाताना मला म्हणाला, कुणाला काही बोलू नकोस, मी लगेच येतो. मी विचारलं, 'कुठे चाललात?' तर म्हणाला, 'हो, तेही करतो.' काहीतरीच उत्तर! तेव्हा मला हसू आलं. आता वाटतंय, गडबडला होता."

"चेहरा कसा होता?"

"घाबरल्यासारखा. खरं सांगितलं तर त्याच्या अंगावर येईल का हो?"

"खरं सांगितल्याने खऱ्या माणसाच्या अंगावर काही येत नाही," काकू म्हणाल्या. पण हे वाक्य पुस्तकातच जास्त शोभतं, असं त्यांना लगेच वाटून गेलं.

त्या ताईंपाशी जाऊन बसल्या. ताई मनगटावरचं घड्याळ वरखाली सरकवत होत्या.

"बघा काकू, काळजीने माणूस किती झिजतो. कालपर्यंत घट्ट बसणारं घड्याळ, आज बांगडीसारखं फिरतंय."

"जरा बघू?"

घड्याळ काळं, साध्या पट्ट्याचं होतं. स्टुडिओच्या वर्धापनदिनाला जावईबापूंनी सगळ्यांना एकाच छापाची घड्याळं वाटली होती. हॅलोने पट्टा बदलून गुलाबी केला होता. खर्जदादाच्या मनगटाला मूळ पट्टा पुरलाच नव्हता, त्याने तपकिरी चामड्याचा घातला होता. काकूंनी आपलं नातवाला देऊन टाकलं होतं. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. आजची पावलं दिसली.

"ताई, आज बरंच चाललात की! नऊ हजारांच्या वर."

"बघा!" ताई इतरांकडे वळून म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं, ताई नुसत्या खुर्चीत बसून असतात. आवाजालाही पाय लागतात म्हटलं!"

कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. ताई घरून गाडीने दारात उतरतात, दारातून खुर्चीत बसतात आणि खुर्चीतून पुन्हा गाडीत. मग ही पावलं कुणाची?

४

"आता माझं ऐका," हॅलो म्हणाली. "घड्याळ आणि फोन यांची जोडी तुटली असेल. कधीकधी रुसतात ते. मी आधी बंद-चालू करते."

तिने घड्याळ बंद करून चालू केलं. फोन सापडत नाही. ब्लूटूथ घालवून परत आणलं. फोन सापडत नाही. घड्याळ उलटं करून पुसलं, त्यावर फुंकरही मारली. घड्याळ आपल्या म्हणण्यावर ठाम.

"मग शेवटचा उपाय. आतलं सगळं पुसून टाकायचं आणि कोरं करून नव्याने जोडायचं."

"नव्याने जोडायला फोन लागेल ना?" खर्जदादाने विचारलं.

"तो आला की जोडू," हॅलो म्हणाली. तिचं बोट 'सर्व पुसा' या अक्षरांपर्यंत पोचलं.

"हात काढ!"

काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की त्यांनाच नवल वाटलं. सगळ्या माना वळल्या.

"अगं, आपल्याकडे साक्षीदार एकच आहे, तो म्हणजे हे घड्याळ. आणि तू त्याचीच आठवण पुसायला निघालीस?"

"साक्षीदाराने साक्ष दिली की," जावईबापू म्हणाले. "त्याचा फोन इमारतीत नाही. आणखी काय सांगणार तो?"

तेवढ्यात हॅलोच्या तळहातावरचं घड्याळ थरथरलं. तिने दचकून ते जवळजवळ टाकलंच. पडद्यावर गजराची खूण होती आणि खाली एकच शब्द:

थेंब.

"हे काय आता?" ताई म्हणाल्या.

"पाणी प्या म्हणत असेल," हॅलो म्हणाली. "हल्लीची घड्याळं आठवण करतात."

"पाण्याला थेंब कोण म्हणतं? तहान काय थेंबाने भागते? आणि मी कसले थेंब-बिंब घेत नाही. डोळे ठणठणीत आहेत माझे."

काकूंनी डोळे मिटून घेतले. हेडफोन लावून ऐकताना चूक सापडायच्या आधी त्यांना एक जाणीव व्हायची: वाक्य अजून पुरं झालेलं नाही, पण कुठेतरी काही खटकलंय. मग त्या मागे जायच्या, शब्द शब्द परत ऐकायच्या, आणि चूक हाती लागायची. आत्ता त्या सकाळपासूनचा सगळा दिवस तसाच मागे नेत होत्या.

त्यांनी डोळे उघडले.

"जावईबापू, तो फोन खाली करा. आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देतोय. आणि गंमत म्हणजे यात चोरच नाहीये."

५

चहा झाला होता, पण कप कुणीच उचलला नाही. काकू उभ्या राहिल्या. हातात पुस्तक नसल्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते घड्याळच घट्ट धरलं.

"हे घड्याळ खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "ते म्हणतंय, माझा फोन इथे नाही. खरंच नाही. पण त्याचा फोन म्हणजे ताईंचा फोन, हे त्याने आपल्याला कधी सांगितलं? ते आपणच ठरवलं. साक्षीदार खरा आहे, पण दुसऱ्याच खटल्यातला."

"म्हणजे?"

"हे घड्याळ ताईंचं नाही. काळ्या पट्ट्याची घड्याळं आता इथे दोनच उरलीत. एक ताईंचं, एक शांतताचं. तो माइक लावायला आत जाताना स्वतःचं घड्याळही ट्रेमध्येच काढून ठेवतो. आज घाईत त्याने उचललं ताईंचं, आणि मागे राहिलं त्याचं."

ताईंनी मनगटाकडे पाहिलं. "म्हणून सैल होत होतं!"

"म्हणून सैल. काळजीने एका दुपारीत मनगट बारीक होत नाही, ताई. आणि नऊ हजार पावलं तुमची नाहीत. दिवसभर कंट्रोल रूम आणि वाचनखोली अशा खेपा घालणाऱ्या माणसाची आहेत. आता बघा. या घड्याळाचा जोडीदार, म्हणजे शांतताचा फोन, शांतताच्या खिशात बाहेर गेलाय. ज्या पुराव्यावरून आपण त्याला चोर म्हणत होतो, त्या पुराव्याने एवढंच सिद्ध होतं, की तो स्वतःचा फोन घेऊन बाहेर गेला."

खर्जदादा खालच्या पट्टीत हसू लागला. जावईबापूंना ते आवडलं नाही.

"मग तो माझा फोन का उचलत नाही?"

"कारण त्याचा फोन कायम मुका असतो. कुणाचा फोन आला की त्याचं मनगट थरथरतं, त्यावरून त्याला कळतं. आज मनगटावर ताईंचं घड्याळ आहे. त्याला शांतताच्या फोनची काय पडलीय?"

हॅलोने टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतले.

"पण तो गेला कुठे, तेही लपूनछपून?" जावईबापू अजून हटले नव्हते. "हॅलोला गप्प राहायला सांगून?"

काकूंना प्रश्न पडला. हे सांगावं की नाही? पण अर्धं सांगितलं तर उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा संशय होणार.

"सकाळी मी दोनदा हात वर केला होता," त्या म्हणाल्या. "वाचनाचं मेज कुरकुरत होतं. पान उलटलं की कुर्र. शांतता म्हणाला, 'असू दे.' माशी शिंकली तरी थांबणारा माणूस म्हणतो, असू दे! मला तेव्हाच खटकलं होतं. खर्जदादांचा विनोद त्याला एका बाजूने ऐकू आला नाही, दुसऱ्या बाजूने आला. हॅलोने विचारलं कुठे चाललात, त्याने उत्तर दिलं भलतंच. काल ताईंना एकच वाक्य पाच वेळा वाचायला लावलं. आणि आता हे घड्याळ म्हणतंय, थेंब. तो चढलेला नाही आणि गडबडलेलाही नाही. त्याचा एक कान गेलाय, निदान त्याला तशी भीती वाटतेय. ध्वनिमुद्रकाचा कान गेला हे कुणाला सांगायची सोय असते का? तो कानाच्या डॉक्टरकडे गेलाय."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. काल आपण त्याला काय म्हणालो, ते त्यांना आठवलं असावं.

जावईबापूंनी घसा खाकरला.

"मानलं, काकू. सगळं मानलं. पण एक राहिलंच. ताईंचा फोन ट्रेमध्ये होता आणि आता नाही. तो कुठे आहे?"

६

"तो ट्रेमध्ये नव्हताच," काकू म्हणाल्या.

"असं कसं? ताईंनी स्वतः सांगितलं, ठेवला म्हणून!"

"ताई, तेच वाक्य परत म्हणता?"

ताईंनी सवयीने पाठ ताठ केली. "शेवटी मी फोन ठेवला आणि वाचायला बसले."

"बहिणीशी बोलणं संपवलं, या अर्थाने ठेवला?"

"हो! म्हणजे… बोलणं संपवलं. ठेवते गं आता, असं म्हणाले तिला." ताई बोलता बोलता अडखळल्या. "मग मी तो ठेवला कुठे?"

"बघा. तुम्ही बोलणं ठेवलंत, आम्ही ऐकलं वस्तू ठेवली. ट्रे हा शब्द तुमचा नव्हताच, तो जावईबापूंचा. तुम्ही नुसती मान डोलावलीत, कारण रोज तिथेच असतो. पण आज सुट्टीत तुम्ही आतच होतात. फोनही आतच होता."

"आत आम्ही सगळं पाहिलं," खर्जदादा म्हणाला. "मेजावर, खुर्चीवर, पडद्यामागे. मी वाकून जमीनसुद्धा पाहिली. म्हणतात ना, काखेत—"

"म्हण नंतर, दादा. जावईबापू, आजचं रेकॉर्डिंग लावता? आधी सकाळचं."

सगळे कंट्रोल रूममध्ये दाटीवाटीने उभे राहिले. स्पीकरमधून ताईंचा आवाज आला. वाड्याच्या तळघरात कुणीतरी मेणबत्ती घेऊन उतरत होतं. पान उलटलं. कुर्र. पुन्हा पान. कुर्र. एकदा लक्ष गेल्यावर तो आवाज इतका स्पष्ट होता, की हॅलोने कानच झाकले.

"आता सुट्टीनंतरचं."

ताईंचा आवाज. मेणबत्ती विझली. पान उलटलं. नुसती कागदाची सळसळ झाली. पुन्हा पान. सळसळ. मेज गप्प होतं.

"मला वाटलं, सुट्टीत शांतताने ते दुरुस्त केलं," काकू म्हणाल्या. "पण त्याला तर ते ऐकूच येत नव्हतं! मग कुणी केलं? आवाजाचा त्रास आणखी कुणाला होणार होता? वाचणाऱ्याला. ताई, वाचायला लागलात की तुम्ही या जगात नसता. मागे एकदा चष्म्याच्या काडीने चहा ढवळला होतात."

"एकदाच," ताई म्हणाल्या.

"बहिणीशी बोलणं संपलं. डोकं तळघरात. कोपर टेकलं, मेज कुरकुरलं. तुमचा एक हात संहितेवर आणि दुसऱ्या हातात…"

ताईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्या तरातरा वाचनखोलीत शिरल्या, बाकीचे त्यांच्यामागून. मेजाचा उतरता फळा एका चौकटीवर टेकलेला होता आणि टेकायच्या जागी खाली फट होती. ताई वाकल्या, त्यांनी आत हात घातला आणि बोटं चाचपत नेली. मग त्यांनी काहीतरी ओढून काढलं. फळा हलला आणि मेज जोरात कुरकुरलं.

काळ्या कव्हरातला, लाकडासारखाच काळा, फटीत चपखल बसलेला फोन! पडद्यावर न उचललेल्या फोनांची रांग लागली होती.

खर्जदादाने आरोळी ठोकली. त्या खोलीत आजवर अशी आरोळी कुणी ठोकली नव्हती. भिंतींवरच्या जाड स्पंजांनी ती गिळून टाकायचा प्रयत्न केला, पण त्यांना ती पेलली नाही. हॅलोने काकूंना मिठी मारली. काकूंना मिठीची सवय नव्हती. त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि चष्मा सारखा केला.

दारात शांतता उभा होता. तो कधी आला, कुणालाच कळलं नाही. त्याने चेहरा वेडावाकडा करून दोन्ही कान झाकले होते.

"काय ओरडताय! एवढ्या मोठ्याने!"

"तुम्हाला ऐकू आलं?" हॅलोने विचारलं.

"ऐकू? मला जिन्यातून तुमचे श्वास ऐकू येत होते! खर्जदादा, तुमच्या छातीत घरघर आहे, दाखवून घ्या." मग त्याच्या लक्षात आलं, की आपलं गुपित उघडं पडलंय. तो गोरामोरा झाला. "म्हणजे… मी जरा डॉक्टरकडे गेलो होतो. घरी थेंब घालून काही होईना. मला वाटलं, कान गेला, आता काम गेलं. डॉक्टर हसला. म्हणाला, कानात मळाचा गड्डा बसलाय. पाण्याने काढला एकदाचा."

"मळ!" ताई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. हसता हसता त्यांनी त्याचा हात धरला. "बाबा रे, काल मी तुला जे बोलले ते मागे घेते. चांगले कान आहेत तुझे."

"आता घड्याळ द्या," काकू त्याला म्हणाल्या. "तुमच्या मनगटावर आहे ते ताईंचं."

शांतताने मनगटाकडे पाहिलं. "तरीच! सबंध वाटेत एकदाही थरथरलं नाही."

ताईंनी ते घड्याळ घेऊन मनगटावर बांधलं. मुळीच फिरलं नाही. त्यांनी 'फोन शोधा'वर बोट ठेवलं, आणि त्यांच्या हातातला फोन गळा काढून किंचाळला. काकूंच्या चेहऱ्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, स्वतःच्या वाक्यात एकही चूक नसल्याचं समाधान पसरलं.

मग हसणं ओसरलं आणि सगळ्यांचे डोळे जावईबापूंकडे वळले. ते मेजाच्या फटीकडे बघत होते. शांतताला अजून काहीच ठाऊक नव्हतं. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी हात वर केला नाही, नुसतं बघितलं.

जावईबापू पुढे आले.

"तुमच्या मागे इथे… म्हणजे फोन सापडेना, तेव्हा मला वाटलं… माझं चुकलं, मी तुमच्यावर चोरीचा…" शेवटचे शब्द त्यांच्या मिशीत अडकले.

शांतता ऐकत होता. हळूहळू त्याला समजलं, की आपण डॉक्टरच्या खुर्चीत बसलो असताना इथे काय चाललं होतं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्याने काकूंकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, हॅलोचे रडून लाल झालेले डोळे पाहिले आणि एक लांब श्वास घेतला.

"जावईबापू," तो म्हणाला, "शेवटचे शब्द गिळलेत. परत घेऊया. आणि जरा माझ्या डाव्या बाजूला येऊन बोला, तो कान आज नवा आहे."

खर्जदादाने खुर्ची ओढून दिली. जावईबापू बसले नाहीत. ताईंच्या ग्लासातलं कोमट पाणी ते घोटभर प्यायले आणि शांतताच्या डाव्या बाजूला उभे राहिले.

"मी शहानिशा न करता तुम्हाला चोर म्हणालो. ते खोटं होतं. मी तुमची माफी मागतो."

त्या इमारतीत त्या दिवशी इतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कुणाचाच लागला नव्हता, ताईंचासुद्धा नाही.